क्लेअरमावशीचं टपाल

मैत्रिणींनो, मागच्या वर्षी निबंधाच्या वह्या तपासताना एका वहीत घडी घातलेला कागद सापडला. आठवीतल्या मुलीचा. "बाई, तुम्हाला एक विचारायचंय. पण आईला सांगणार नाही ना?" बस्स, एवढंच. मी तिला मधल्या सुटीत गाठून म्हटलं, "अगं, परीक्षा होऊ दे, मग सावकाश बोलू." ती "बरं बाई" म्हणाली आणि गेली. परीक्षा झाली, सुटी संपली. मग मीच आठवण काढली, तर हसून म्हणाली, "काही नाही बाई, विसरले मी." मुली असं काही विसरत नसतात, हे तुम्हाला मी का सांगायला हवं!

ती चिठ्ठी मनात टोचत होती म्हणूनच असेल, पण क्लेअर रेनर या ब्रिटिश लेखिकेविषयी वाचायला बसले आणि कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहूनच गेल्या. भाताचा अगदी गचका झाला. घरच्यांनी तो मुकाट्याने खाल्ला. मी मात्र त्या दिवशी वाचलेलं अजून पचवते आहे.

वाचकांच्या खाजगी अडचणींना मासिकांतून उत्तरं देणाऱ्या बाईंना इंग्रजीत 'अ‍ॅगनी आंट' म्हणतात. आपण 'दुःख ऐकून घेणारी मावशी' म्हणू. क्लेअरबाई अशा मावश्यांमध्ये फार गाजल्या. पण ही मावशी तयार झाली ती मायेच्या घरात नव्हे.

क्लेअरचा जन्म २२ जानेवारी १९३१ चा, लंडनमधला. वडील शिंपी, चार भावंडांत ही थोरली. आईवडिलांकडून मुलांना माया मिळाली नाही, मिळाला तो जाच. पुढे कुटुंब कॅनडात गेलं. तिथे क्लेअरला थायरॉइडच्या ग्रंथीचा विकार झाला, आणि आईवडिलांनी तिला चक्क मनोरुग्णालयात ठेवलं! पंधरा महिने ती तिथे होती. विचार करा, दुखणं ग्रंथीचं आणि शिक्का वेडाचा. "मला काय होतंय ते ऐका हो" असं म्हणणाऱ्या पोरीचं कुणी ऐकलं नाही, तर काय होतं ते तिने स्वतःच्या अंगावर काढलं.

१९५१ साली ती एकटीच लंडनला परतली आणि रॉयल नॉर्दर्न हॉस्पिटलमध्ये नर्सिंग शिकू लागली. १९५४ मध्ये तिला तिथलं सुवर्णपदक मिळालं. मग गाय्‌ज हॉस्पिटलमध्ये सुईणीचं शिक्षण झालं. १९५७ मध्ये डेस्मंड रेनर या नटाशी लग्न झालं. हा माणूसही वेगळाच म्हणायचा. पुढे बायकोच्या लेखनाचे सगळे व्यवहार त्यानेच सांभाळले.

लेखनाची सुरुवात झाली ती एका तक्रारीतून. १९५८ मध्ये 'नर्सिंग टाइम्स' या पत्राला त्यांनी परिचारिकांच्या हालांविषयी पत्र लिहिलं. मग वर्तमानपत्रांनाही पत्रं जाऊ लागली. पहिल्या बाळाच्या वेळी नोकरी करणं अवघड झालं, तेव्हा त्या घरी बसून पूर्ण वेळ लिहू लागल्या. अर्धवेळ नोकरी करणाऱ्या आपल्यासारखीला हे वाचून धीर येतो. नोकरी सुटली म्हणून त्यांचं काम सुटलं नाही, त्यांनी फक्त कामाची जागा बदलली.

'वुमन्स ओन' या साप्ताहिकात त्या आधी 'रूथ मार्टिन' या नावाने लिहीत, नंतर स्वतःच्या. आणि 'पेटिकोट' नावाचं एक साप्ताहिक १९६६ मध्ये निघालं होतं, खास वयात येणाऱ्या मुलींसाठी, त्यातही त्यांचं सदर होतं. मासिक पाळी, स्वतःच्या शरीराबद्दलचे प्रश्न, मुलगा आवडतो तेव्हाची धांदल, या सगळ्याला त्या सरळ आणि खऱ्या शब्दांत उत्तर देत. त्यावर ओरडही झाली. ही बाई कोवळ्या मुलींना बिघडवते आहे, असं १९७२ मध्ये वर्तमानपत्रांतून म्हटलं गेलं. पण त्यांनी आपली रीत सोडली नाही. नर्सचंच ना ते मन! जखम झाकून ठेवली की चिघळते, हे त्यांनी वॉर्डात पाहिलं होतं.

नंतर १९७३ पासून 'सन' आणि १९८० पासून 'संडे मिरर' अशा खपाच्या वर्तमानपत्रांत त्यांचं सदर चालू होतं. आठवड्याला हजाराच्या घरात पत्रं येत. छापली जात ती मोजकीच, पण प्रत्येक पत्राला उत्तर गेलंच पाहिजे, हा त्यांचा हट्ट. मला वाटतं, त्यांचं खरं मोठेपण या न छापलेल्या उत्तरांत आहे.

इतकं करून कादंबऱ्या लिहिल्या त्या वेगळ्याच. एकूण पुस्तकं नव्वदाच्या वर! 'द परफॉर्मर्स' ही तर बारा कादंबऱ्यांची माळ. 'गॉवर स्ट्रीट' हे तिचं पहिलं पुस्तक १९७३ चं. लंडनच्या गलिच्छ वस्तीतला एक अनाथ पोरगा शस्त्रवैद्य होतो, त्याच वस्तीतली एक मुलगी नटी होते, आणि मग पिढ्यान्‌पिढ्यांची गोष्ट सुरू होते. नवरा नट, स्वतः नर्स. नाटक आणि दवाखाना दोन्ही घरचंच की हो!

टेलिव्हिजनवर तर त्यांनी कमालच केली. घरातली सगळी मंडळी बघतात अशा वेळी निरोध कसा वापरायचा ते दाखवणाऱ्या त्या ब्रिटनमधल्या पहिल्या. सॅनिटरी टॉवेलच्या जाहिरातीतही त्या न लाजता उभ्या राहिल्या. बोलायच्या कशा, तर 'राणी', 'बाळा' म्हणतो ना आपण, तसल्या लाडिक शब्दांनी.

पण एक गोष्ट वाचून मी थबकले. डॉक्टर अँथनी क्लेअर या मानसोपचारतज्ज्ञांनी बीबीसी रेडिओवर त्यांची मुलाखत घेतली. बालपणाचा विषय निघाला आणि बाई रडू लागल्या. हजारो मुलींना "सांग गं, मोकळी हो" म्हणणाऱ्या या मावशीला स्वतःचं मात्र सांगता येत नव्हतं. ते सगळं त्यांनी २००३ मध्ये आत्मचरित्रात लिहिलं, वयाच्या बहात्तराव्या वर्षी. सांगायला इतका वेळ लागतो मैत्रिणींनो. आणि मी आठवीतल्या पोरीला म्हणाले, परीक्षेनंतर बघू!

१९९६ मध्ये त्यांना 'ओबीई' हा किताब मिळाला. रुग्णांच्या हक्कांसाठी त्या अखेरपर्यंत भांडल्या. ११ ऑक्टोबर २०१० रोजी त्या गेल्या. जाण्यापूर्वी घरच्यांना बजावलं होतं, की पंतप्रधान कॅमेरून यांना माझा निरोप द्या : माझ्या लाडक्या सरकारी आरोग्यसेवेची वाट लावलीत, तर भूत होऊन मानगुटीवर बसेन!

या बाईंकडून मी तीन गोष्टी गाठीला बांधल्या आहेत. मुलगी विचारायला आली, की हातातलं काम खाली ठेवायचं. पोळी करपली तर करपू दे. ऐकताना कपाळाला आठी घालायची नाही, कारण आठी दिसली की पोर पुढचं गिळून टाकते. आणि आपल्याला उत्तर माहीत नसेल तर थाप मारायची नाही. "मला ठाऊक नाही, आपण डॉक्टरबाईंना विचारू" म्हणायचं आणि खरोखरच घेऊन जायचं.

यंदा मी वर्गात बिस्किटांचा एक जुना डबा ठेवला आहे, झाकणाला चीर पाडून. नाव न घालता चिठ्ठी टाका, शुक्रवारी उत्तर देईन, असं मुलींना सांगितलंय. पहिले दोन आठवडे डबा रिकामा. तिसऱ्या आठवड्यात एकच चिठ्ठी निघाली : "बाई, अक्षर ओळखलंत तर?"

अक्षर मी ओळखलं. पण वर्गात एवढंच म्हटलं, "मुलींनो, चिठ्ठ्या वाचताना माझी अक्षरांची ओळख पुसून जाते." पुढच्या शुक्रवारी डब्यात पाच चिठ्ठ्या होत्या. त्यांतल्या एकीला वर्षभर उशिराने का होईना, पण उत्तर मिळालं.