आधी पिल्लाची शेपटी उचलून बघा

माळशिरस तालुक्यात गोठ्याच्या कडेला दोन-चार कोंबड्या उकरत नाहीत, अशी वस्ती क्वचितच सापडेल. उसाचं बिल जमा व्हायचं तेव्हा होतं, पण अंड्यांचे पैसे घरातल्या बाईच्या हातात आठवड्याला खेळतात. त्यातून पोराची वही येते, गॅसच्या टाकीला हातभार लागतो, पाहुणा आला तर लाज राखली जाते. असं असूनही पिल्लू आजारी पडलं की आपण फार लवकर हात झटकतो. दोन दिवसांचं पिल्लू पंख पाडून, डोळे मिटून कोपऱ्यात उभं राहिलं की म्हणतो, ‘जगायचं असेल तर जगेल.’ सकाळी ते उकिरड्यावर जातं.

माझी कळकळीची विनंती आहे. हात झटकण्याआधी आणि मेडिकलमधून कुठली गोळी आणण्याआधीही पिल्लू हातात घ्या, शेपटी उचला आणि खाली बघा. पहिल्या आठवड्यात सुस्तावलेल्या कितीतरी पिल्लांची शेपटीखालची पिसं शिटेने माखलेली असतात, वाळून दगडासारखी झालेली असतात. ते बूच गुदद्वारावर घट्ट बसलेलं असतं. पिल्लाला हगता येत नाही, म्हणून ते खात नाही. एक-दोन दिवसांत ते मरतं. आपण समजतो रोग आला. खरं तर अर्ध्या तासाचं काम होतं.

ते काम असं करायचं. वाटीत कोमट पाणी घ्या. आपल्या मनगटावर टाकलं तर गरम किंवा गार काहीच लागू नये, इतपत कोमट. कापसाचा बोळा किंवा जुन्या सुती लुगड्याचा तुकडा त्यात भिजवून वाळलेल्या शिटेवर धरून ठेवा. दोन-तीन मिनिटांनी बोळा बदला. ती मऊ झाली की आपोआप सुटते. ओढू नका. ओढलं की पिसांबरोबर कोवळी कातडी निघते, रक्त येतं आणि बाकीची पिल्लं त्या लाल जागेवर टोचत सुटतात. साफ झाल्यावर बोटाने खोबरेल तेलाचा अगदी पातळ हात लावा. मग फडक्याने टिपून, उबेजवळ धरून पिल्लू पूर्ण कोरडं करा. ही शेवटची पायरी सोडू नका, कारण ओलं राहिलेलं पिल्लू गारठ्याने जातं. त्याला आख्खं पाण्यात बुडवायचं नाही, फक्त मागची बाजू भिजवायची. पुढचे तीन-चार दिवस सकाळ-संध्याकाळ पुन्हा बघा, कारण एकदा चिकटलेलं परत चिकटतं.

एक गोष्ट जीव ओतून सांगते, कारण ही चूक माझ्या हातून झालेली आहे. पिल्लाच्या पोटावर, गुदद्वाराच्या जरा पुढे, नाभी असते. अंड्यातून निघाल्यावर तिथे एखादी काळपट सुकलेली खपली किंवा दोरा दिसतो. मला ती घाण वाटली आणि मी नखाने काढली. पिल्लू संध्याकाळपर्यंत गेलं. शेपटीच्या अगदी खाली आहे ते साफ करायचं. पोटावर आहे त्याला हात लावायचा नाही. ती खपली आपोआप गळते. नाभी ओली, लाल, वास येणारी दिसली आणि पोट फुगून लिबलिबीत लागलं, तर तो नाभीचा संसर्ग आहे. असं पिल्लू वेगळं काढा आणि डॉक्टरांना दाखवा.

आता हे चिकटतं का, तेही समजून घेऊ. नाहीतर आज साफ केलेलं पिल्लू उद्या पुन्हा तसंच होईल. खुडूक कोंबडीच्या पंखाखाली वाढलेल्या पिल्लांना हा त्रास कमी होतो. आई त्यांना हवी तेव्हा ऊब देते. आपण पिल्लं विकत आणतो, तेव्हा ती आई आपणच असतो. अंड्यातून बाहेर येताना पिल्लू पोटात बलकाची शिदोरी घेऊन येतं. तिच्यावर ते साधारण दोन-तीन दिवस काढतं, म्हणूनच एक दिवसाची पिल्लं खोक्यात भरून दूरवर पाठवता येतात. पण त्या प्रवासात ती गारठतात, तापतात, तहानतात. पोटाचं गणित तिथेच बिघडतं. घरी आणल्यावर पहिली गरज उबेची, मग पाण्याची आणि त्यानंतर दाण्यांची. आपण बहुतेक उलटं करतो. आल्या आल्या मूठभर कण्या टाकतो.

पहिल्या आठवड्यात पिल्लांना साधारण ३५ अंश सेल्सिअस ऊब लागते. पुढे दर आठवड्याला ती सुमारे ३ अंशांनी कमी करत न्यायची. घरात थर्मामीटर नसला तरी पिल्लं स्वतः सांगतात. बल्बखाली एकमेकांच्या अंगावर चढून ‘चिवचिव’ करत असतील तर थंडी आहे. बल्बपासून लांब, चोच उघडी, पंख पसरलेले, तर उकडतंय. सगळी एकाच बाजूला गेली तर दुसरीकडून वारा लागतोय. डालग्यात सगळीकडे पसरून निवांत असतील तर ठीक आहे. शंका आली तर पिल्लाचे पाय आपल्या गालाला लावून बघा. गार लागले तर ते गारठलंय.

इथे एक नवी अडचण आलेली आहे. आता घरोघरी एलईडी बल्ब आहेत. ते उजेड देतात, पण पिल्लांना पुरेल अशी ऊब देत नाहीत. दिवा तर लावला होता, मग पिल्लं का मेली, असं विचारणाऱ्या बायका मला भेटतात. पिल्लांसाठी जुना, तारेचा, पिवळ्या उजेडाचा बल्बच लागतो. वीस-पंचवीस पिल्लांना साठ वॅटचा एक, दीड-दोन फूट उंचीवर टांगलेला. आणि वस्तीवर लाईट शेतीपंपाच्या फीडरवरची असेल तर ती रात्री कधी जाईल हे सांगता येत नाही. म्हणून निजताना गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून तयार ठेवा आणि लाईट गेली की डालग्यात सरकवा. वरून पोतं टाका, पण हवेला जागा राहू द्या. कोळशाची शेगडी बंद खोलीत पिल्लांजवळ ठेवू नका. तिचा धूर त्यांचा जीव घेतो आणि माणसांचाही. याउलट एप्रिल-मे महिन्यांत दुपारी पारा चाळिशी ओलांडतो, पत्र्याचं शेड भट्टी होतं. तेव्हा बल्ब बंद करा, पत्र्यावर पाचट टाकून पाणी मारा, पिल्लांना सावली द्या. उष्म्यानेही शीट चिकटते.

पाणी उथळ ताटलीत द्या. ताटलीत गोट्या किंवा धुतलेले खडे ठेवा, म्हणजे पिल्लू बुडत नाही आणि भिजत नाही. प्रवास करून आलेल्या पिल्लांना पहिले काही तास गुळाचं पाणी द्या. लिटरभर पाण्यात लिंबाएवढा खडा पुरतो. त्यानंतर साधं स्वच्छ पाणी. गूळ चांगला म्हणून चार दिवस चालू ठेवला तर शीट आणखी पातळ आणि चिकट होते. अगदी गळालेल्या पिल्लाला पाजायचं असेल तर फक्त चोचीचं टोक पाण्यात बुडवा, किंवा चोचीच्या कडेला एक थेंब लावा. तोंडात पिचकारी मारू नका. श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मागेच असतं, पाणी थेट फुप्फुसात जातं. दूध तर देऊच नका. पक्ष्यांना दुधातली साखर पचत नाही.

खाण्याबाबत आपली सवय थोडी बदलायला हवी. पहिले एक-दोन दिवस बारीक मक्याचा भरडा चालतो. मग पिल्लांचं खाद्य, म्हणजे चिक स्टार्टर, सुरू करा. मोठ्या अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य पिल्लांना घालू नका. त्यात अंड्याच्या कवचासाठी भरपूर चुना असतो आणि तो पिल्लांच्या मूत्रपिंडावर बसतो. पिल्लाला दात नसतात. आपण कलेजी-पेटा म्हणतो त्यातला पेटा म्हणजे कोंबडीचं जातं. त्यात बारीक खडे असले तरच अख्खा दाणा दळला जातो. ज्वारी-बाजरीच्या कण्या घालणार असाल तर शेजारी चिमूटभर बारीक धुतलेली वाळूही ठेवा. भिजून बुरशी धरलेला मका किंवा काळी पडलेली शेंगपेंड ‘कोंबड्यांना चालेल’ म्हणून टाकू नका. त्या बुरशीचं विष पिल्लाचं यकृत नासवतं.

गळ्याची पिशवीही चाचपायला शिका. संध्याकाळी ती भरलेली, मऊ असावी. सकाळी रिकामी. सकाळीही दगडासारखी टणक असेल तर काहीतरी अडकलंय. आपण पिल्लांखाली खताची गोणी अंथरतो, तिचे प्लॅस्टिकचे धागे सुटतात आणि पिल्लू ते किडा समजून गिळतं. म्हणून गोणी नको. भाताचं तूस किंवा चुरलेली शेंगांची टरफलं, दोन बोटं जाड, कोरडी. बारीक लाकडी भुसाही नको, तो पिल्लं खातात.

आता प्रत्येक पातळ शीट म्हणजे हगवण नव्हे, हेही सांगायला हवं. शिटेवरचा पांढरा ठिपका म्हणजे पक्ष्याचं मूत्र, तो असायचाच. दिवसातून काही वेळा तपकिरी, चिकट, घाण वासाची शीट पडते, ती आतड्याच्या एका भागातून येते आणि तीही नेहमीचीच. उन्हाळ्यात जास्त पाणी प्यायल्याने शीट पाणचट होते. पिल्लू खात-पीत, धावत असेल तर घाबरू नका.

घाबरायचं कधी, ते मात्र पक्कं लक्षात ठेवा. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत पांढरी, चुन्यासारखी हगवण आणि रोज एक-दोन पिल्लं मरणं, हा अंड्यातूनच येणारा आजार असू शकतो. तीन ते सहा आठवड्यांच्या पिल्लांच्या शिटेत रक्त दिसलं तर ती रक्ती हगवण. तिचे जंतू ओल्या तुसात वाढतात. आपल्याकडे खरा पाऊस सप्टेंबरचा. त्या दिवसांत तूस रोज हलवा, ओलं झालेलं काढून टाका, पाण्याची ताटली सांडणार नाही अशी ठेवा. या जंतूंवर साधं फिनेल चालत नाही, कोरडेपणा चालतो. याच वयात पाणचट पांढरी हगवण लागून पिल्लं झपाट्याने मेली तर गंबोरो, आणि हिरवट हगवणीबरोबर मान वाकडी झाली तर मानमोडी, म्हणजे राणीखेत, असण्याची शक्यता धरा.

या शेवटच्या दोन आजारांवर औषध नाही, लस आहे. पहिल्या आठवड्यात राणीखेतची लासोटा लस डोळ्यात थेंब टाकून देतात, दुसऱ्या आठवड्यात गंबोरोची. अडचण अशी की एका बाटलीत शंभर किंवा त्याहून जास्त मात्रा असतात आणि बाटली फोडल्यावर ती दोन-तीन तासांत संपवावी लागते. दहा पिल्लांसाठी कोणी बाटली आणत नाही, म्हणून लस राहून जाते. यावर उपाय आपल्याच हातात आहे. वस्तीवरच्या पाच-सहा घरांनी एकाच आठवड्यात पिल्लं आणा, एकाच सकाळी बर्फात ठेवलेली बाटली आणा आणि सगळ्यांची पिल्लं एकदम करून घ्या. बचत गटाच्या बैठकीत हप्त्याबरोबर एवढं ठरवलं तरी पुष्कळ जीव वाचतील.

माणसांच्या डब्यातली अँटिबायोटिक कॅप्सूल फोडून पाण्यात टाकू नका. गारठ्याने चिकटलेल्या शिटेवर ती चालत नाही, विषाणूवरही नाही. मात्रा चुकते, जंतू निर्ढावतात आणि उद्या आपल्याच लेकराला ते औषध लागू पडत नाही. रक्ती हगवणीचं औषध वेगळं असतं, ते डॉक्टरांनी वजन आणि वय बघून सांगायचं. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात जा, किंवा १९६२ या टोल फ्री क्रमांकावर फोन करा. जाताना ताजी शीट कागदात घेऊन जा आणि पिल्लांचं वय, किती आजारी, किती मेली हे सांगा.

एकाच दिवसात बऱ्याच कोंबड्या अचानक मेल्या तर मुळीच लपवू नका. २००६ साली आपल्याच राज्यातल्या नवापूरला देशात पहिल्यांदा बर्ड फ्लू सापडला. अशा वेळी एका घराने दडवलेलं मरण दहा गावांना भोगावं लागतं. मेलेला पक्षी नीरा कालव्यात किंवा ओढ्यात फेकू नका, त्याच पाण्यावर पुढची वस्ती जगते. आजाराने एखाद-दुसरं पिल्लू गेलं तर खोल खड्डा, वर चुना, वर माती. आणि अशी घाऊक मर झाली तर हात न लावता दवाखान्यात कळवा, पुढचं तेच सांगतील.

पोरांनाही यात घ्या. बाजारात लाल-हिरवी रंगवलेली पिल्लं मिळतात आणि पोरं हट्ट करतात. ती पिल्लं रंगाने आणि हाताळण्याने आधीच अर्धमेली झालेली असतात. त्यापेक्षा पोराला घरच्या एका पिल्लाची जबाबदारी द्या. पाणी बदलायचं, शेपटी बघायची, पाय गालाला लावायचे. मुका मात्र घ्यायचा नाही आणि प्रत्येक वेळी साबणाने हात धुवायचे, कारण पिल्लाच्या पोटातले जंतू माणसालाही हगवण लावतात.

पिल्लू बोलत नाही, रडत नाही. ते फक्त पंख पाडून उभं राहतं. आज दिवेलागणीला कोंबड्या डालताना पाच मिनिटं जास्त काढा. एकेक पिल्लू हातात घ्या, शेपटी उचला, गळ्याची पिशवी चाचपा, पाय गालाला लावा. कुठे चिकटलेलं दिसलं, तर कोमट पाण्याची वाटी आणि कापूस घरात आहेच.