बाई, दिवे तर रात्रीच लागतात ना?

मैत्रिणींनो, परवा सातवीच्या वर्गात सौरऊर्जेचा धडा घेत होते. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, पण दिवे तर रात्रीच लागतात ना?" वर्ग हसला. मला मात्र माझी सूर्यचूल आठवली. ढग आले म्हणून अर्धीकच्ची राहिलेली तूरडाळ संध्याकाळी कितीदा गॅसवर चढवली असेल, देव जाणे!

उत्तर शोधता शोधता मी पोचले थेट मोरोक्कोत. तिथे वारझाझात शहराजवळच्या रखरखीत माळावर 'नूर' नावाचं वीजकेंद्र आहे. नूर म्हणजे प्रकाश, हे तुम्हांला सांगायला नकोच. त्याचा पहिला भाग २०१६ साली सुरू झाला, १६० मेगावॅटचा. दुसरा, २०० मेगावॅटचा, २०१८ मध्ये.

कौलांच्या कडेला पत्र्याची पन्हळ लावतात ना, तसे वळवलेले आरसे तिथे रांगांनी उभे आहेत. सूर्य सरकेल तसे तेही कलतात. सगळं ऊन मधल्या एका नळीवर एकवटतं आणि नळीतलं तेल ३९० अंशांच्या आसपास तापतं. त्या उष्णतेवर पाण्याची वाफ, वाफेवर चक्र, चक्रावर वीज.

पण आपल्या प्रश्नाचं उत्तर आहे टाक्यांत. दुपारची जास्तीची उष्णता तिथे वितळलेल्या क्षारांत साठवतात. जेवणातलं मीठ नव्हे हं, सोऱ्याच्या जातीचे क्षार! शिजलेला भात गोधडीत गुंडाळून ठेवतो, त्यातलाच प्रकार. सूर्य मावळल्यावर पहिला भाग सुमारे तीन तास वीज देतो, दुसरा सुमारे सात. म्हणजे ऐन स्वयंपाकाच्या वेळी दिवे चालू!

एक गोष्ट मात्र मला खटकली. आरशांवर धूळ बसली की ते धुवायला पाणी हवं, आणि पहिल्या भागात वाफ थंड करायलाही पाणीच. ते येतं जवळच्या धरणातून, तेही अशा कोरड्या मुलखात! उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिलेल्या बाईला हे वाचून कसंसंच होणार. दुसऱ्या भागात वाफ हवेनं थंड करतात, तेव्हा कुठे जरा हायसं वाटलं.

धुळीवरून आठवलं. तुमच्या सूर्यचुलीचा आरसा रोज सकाळी मऊ ओल्या फडक्यानं पुसा, राखेनं घासू नका. चरे पडले की ऊन नीट परतत नाही. डाळ आधी भिजवा आणि दहाच्या आत उन्हात ठेवा.