आधी नोंदणी विचारा

ऑनलाइन समुपदेशनात माझ्याशी बोलणाऱ्या बऱ्याच बायका गच्चीवर येऊन बोलतात. घरात दार लावून बसायची सोय नसते. जिन्यात पाऊल वाजलं की मध्येच "हो गं, डाळ भिजत घातलीय" म्हणतात. मी थांबते. तालुक्याहून पुण्याला यायचं तर भाडं लागतं, घरच्यांची परवानगीही. म्हणून मला हे माध्यम मोलाचं वाटतं.

पण मोबाइलवर आज कुणीही समुपदेशक म्हणून पाटी लावतो, हे धोक्याचं आहे. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार मनोचिकित्सा क्षेत्रातल्या सामाजिक कार्यकर्त्यांची नोंदणी राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे होते. म्हणून पैसे भरण्याआधी समोरच्याला शिक्षण आणि अशी नोंदणी असल्यास तिचा क्रमांक बेधडक विचारा. पैसे नसतील तर सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६वर फोन करा. सेवा मोफत आहे, चोवीस तास.