गवत : पीक कीं पड ?

महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां गांव नमुना बारा आमच्या हातांखालून शेंकडों वेळां गेला. वरकस जमिनीपुढें ‘गवत पड’ असे दोन शब्द दिसले कीं आमचें काम संपलें. त्या शब्दांनीं काय अनर्थ केला हें मुदतीआधीं निवृत्ति घेऊन स्वतःच्या दोन एकरांत हात घातल्यावर कळलें. पड म्हणजे जिला कांहीं द्यावयाचें नाहीं अशी जमीन, ही समजूत आमच्याच लेखणीनें पक्की केली आहे.

ठाणें जिल्ह्यांत वरकस जमिनीनें नेहमीं दिलेंच आहे. तिच्यावरचा पाला व गवत भाताच्या राबाला न्यावयाचें, आणि उरलेलें गवत मुंबईच्या तबेल्यांस विकावयाचें, हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालला. एक टन वाळल्या गवताबरोबर सुमारें ८ ते १० किलो नत्र आणि तितकेंच किंवा अधिक पालाश शेताबाहेर जातें. त्यांत कोंकणचा धो धो पाऊस आणि उतारावरची तांबडी आंबट माती. मग मारवेल व पवना मागें हटून कुसळी माजली तर नवल काय?

मीरा-भाईंदरास २००२ सालीं महानगरपालिका झाली, आणि मोकळी जमीन आतां तुकड्यातुकड्यांनींच उरली आहे. घोडबंदर गांवानें तर नांवांतच घोडा बाळगला आहे. अरबी घोडे येथें उतरत असें सांगतात. त्याच बाजूस आमचे एक स्नेही वरातीचे पांच घोडे व तीन एकर गवताळ जमीन राखून आहेत. गवत पुरेना म्हणून ते बाहेरून विकत घेत, आणि तबेल्यांतील लीद मात्र खाडीकाठीं टाकून येत. एक घोडा लीद व मूत्र मिळून दिवसास सुमारें २० किलो देतो, म्हणजे सालास ७ टन. विकतच्या गवतावर पोसलेल्या घोड्याच्या लिदींत दुसऱ्या गांवच्या जमिनीचा कस असतो. पैसे मोजून आणलेला कस खाडीस अर्पण करावा, यापरती उधळपट्टी आम्हीं पाहिली नाहीं.

लीद ताजी पसरूं नये. तींत जंतांचीं अंडीं व तणांचें बीं असतें. सावलींत ढीग करून ओलसर ठेवावा व मधून मधून उलथावा. ढीग आंतून हाताला चटका बसेल इतका तापला पाहिजे. सर अल्बर्ट हॉवर्ड यांनीं १९२४ ते १९३१ या काळांत इंदुरास खताची जी रीत बसविली, तिचें मर्मही ओल, हवा व उलथणें हेंच. तबेल्यांत लाकडाचा भुसा अंथरीत असाल तर गिरिपुष्पाचा हिरवा पाला अवश्य मिसळा. नाहीं तर भुसा मातींतलें नत्र ओढतो आणि गवत पिवळें पडतें. कुजलेलें खत पहिल्या पावसानें जमीन ओलावल्यावर एकरीं ४ टन पसरावें.

‘एवढा खटाटोप कशास, युरिया फेकला कीं झालें,’ असें तरुण मंडळी म्हणते. इंग्लंडांत रॉथॅमस्टेड येथें १८५६ पासून एका कुरणावर प्रयोग चालू आहे. तेथें वर्षानुवर्षें अमोनियम सल्फेट दिलेल्या व चुना न दिलेल्या वाफ्यांची माती फार आंबट होऊन गवताच्या थोड्याच जाती उरल्या. युरिया इतका आंबट नव्हे, आणि आम्ही त्याचे वैरीही नव्हों. पण आमची माती आधींच आंबट आहे. चुना द्यावा तोही माती तपासून. खाजणाच्या खाऱ्या जमिनीचा रोग निराळा, तेथें हा उपाय लावूं नये.

कापणीविषयीं उपदेश करण्याचा आमचा अधिकार थोडाच. गवत फुलावर असतां कापावें. दिवाळीनंतर त्याच्या काड्या होतात, आणि कुसळें घोड्याच्या तोंडांत रुततात. हें खरें धरून आम्हीं घटस्थापनेस सगळ्या शेतास कोयता लावला. तिसऱ्या दिवशीं पाऊस ! अर्धें गवत बुरसलें. तसलें गवत घोड्यास पोटशूळ आणतें व त्याचा श्वास बिघडवितें, म्हणून तें सगळें ढिगांत गेलें. आतां आम्ही तिसरा हिस्सा कापून, वाळवून, गंजी रचल्यावर मगच पुढें सरकतों.

स्नेह्यांनीं तीन पावसाळे हा क्रम पाळला. विकतचें गवत थांबलें नाहीं, पण पुष्कळ उणें झालें, आणि बांधालगत मारवेल पुन्हां दिसूं लागली आहे.

२०२१ पासून पीकपाहणी खातेदारानें मोबाईलवर स्वतः नोंदवावयाची आहे. यंदा आमची नोंद भरतांना पुतण्यानें विचारलें, ‘काका, पड लिहूं ना ?’ आम्हीं त्यास ‘गवत’ लिहावयास सांगितलें.