हसविणाऱ्यांचा अपराध

सणाच्या दिवशी देवापुढे समई लागते, आरती होते, प्रसाद वाटला जातो आणि रात्र चढली की देवळासमोरच्या मांडवात सोंगे येतात. ही रीत आपल्याकडे इतकी जुनी आहे की तिच्यात काही विशेष आहे असे कोणास वाटतच नाही. कोकणच्या दशावतारात प्रथम गणपती येतो, मग सरस्वती येते, आणि त्यांच्या पाठोपाठ वेद पळविणारा संकासुर येऊन जत्रेला आलेल्या आयाबायांची हसूनहसून मुरकुंडी वळवितो. नाथांच्या भारुडाला हसणारा माणूस आपण हरिकीर्तनातून उठून दुसरीकडे गेलो असे कधी समजत नाही. भक्तीच्या मांडवात हसण्याची जागा पूर्वापार राखून ठेवलेली आहे. ती जागा नाकारली गेली म्हणजे काय घडते, याची एक कथा दूर तुर्कस्तानात सांगितली जाते. तिच्यावर २००६ साली तेथे एक ऐतिहासिक चित्रपटही निघाला. सणाच्या या पानावर आज तिच्याविषयीच चार शब्द लिहावेत असे आम्ही योजिले आहे.

कारागॉझ आणि हाजीवात हे त्या कथेचे नायक. तुर्की छायानाट्यातील ही जोडी तेथील पोराटोरांनाही ठाऊक असते. कारागॉझ या नावाचा अर्थ 'काळा डोळा'. हा गृहस्थ निरक्षर, फटकळ, कायम कफल्लक; पोटासाठी मिळेल तो धंदा पत्करणारा आणि प्रत्येक धंद्यात फजिती करून घेणारा. डोक्यावरचे मोठे पागोटे उडाले की खाली तुळतुळीत टक्कल दिसते आणि मुले टाळ्या पिटतात. हाजीवात त्याच्या अगदी उलट. शिकलेला, सर्वांशी जुळवून घेणारा, फारसी-अरबी शब्दांनी ओथंबलेली दरबारी भाषा बोलणारा. तो काही बोलतो, कारागॉझ भलतेच ऐकतो, आणि त्या ऐकण्यातून विद्वत्तेचे सारे पितळ उघडे पडते. आपल्या सूत्रधार-विदूषकाची ओळख असलेल्यांना ही जोडी परकी वाटण्याचे कारण नाही. फरक एवढाच की आपला विदूषक बहुधा ब्राह्मण असतो आणि राजाच्या पंक्तीला बसतो. कारागॉझला राजवाड्याची पायरीही माहीत नाही.

लोककथा अशी. बुर्सा नगरीत सुलतान ओरहान एक मशीद बांधीत होता. कारागॉझ तेथे लोहार होता, हाजीवात गवंडी. दोघांच्या तोंडाला म्हणून खळ नसे. त्यांची जुगलबंदी सुरू झाली की इतर कामकरी हातातली थापी आणि घमेले खाली ठेवून भोवती गोळा होत. भिंत जागच्या जागी राहू लागली. सुलतानाच्या कानी हे गेले आणि त्याने दोघांना मृत्युदंड दिला. काम सुरळीत झाले. पण राजाची झोप उडाली. आपण काय करून बसलो हे त्याला उमगले तेव्हा उशीर झाला होता. त्याची ती दशा पाहून शेख कुश्तेरी नावाच्या साधुपुरुषाने डोक्यावरचे पागोटे सोडून त्याचा पडदा ताणला, मागे दिवा लावला, आणि पायांतल्या जोड्यांच्या सावल्या नाचवीत त्या दोघांच्या आवाजात त्यांचेच विनोद पुन्हा बोलून दाखविले. छायानाट्याचा जन्म तुर्की लोक असा सांगतात. आजही पडद्यावरील त्या जागेला 'कुश्तेरी मैदान' म्हणतात आणि हा शेख त्या कलावंतांचा पीर मानला जातो.

एझेल अकाय या दिग्दर्शकाने केलेल्या चित्रपटाचे नावच एक प्रश्न आहे : 'हाजीवात आणि कारागॉझ यांना का मारले?' कारागॉझची भूमिका हालुक बिल्गिनेर या मातब्बर नटाने केली आहे. याच नटाला पुढे २०१९ साली दूरचित्रवाणीवरील अभिनयाबद्दल आंतरराष्ट्रीय एमी पारितोषिक मिळाले. हाजीवात झाला आहे बेयाझित ओझतुर्क, जो तेथील घराघरांत दूरचित्रवाणीचा सूत्रसंचालक म्हणून परिचित आहे. कथा चौदाव्या शतकातील. ओरहानने १३२६ मध्ये बायझंटाईन सत्तेकडून बुर्सा घेतले, त्याला थोडीच वर्षे लोटली आहेत. नगरात ख्रिस्ती आहेत, मुसलमान आहेत, डोंगरांतून आलेले आणि जुने देवदेवस्की न सोडलेले भटके तुर्कमेन आहेत. कारागिरांचे संघ आहेत, शस्त्र धरणाऱ्या स्त्रियांचा एक पंथ आहे, आणि पूर्वेकडे मंगोलांची दहशत आहे. एक राज्य आकाराला येत आहे आणि त्या राज्यात कोणी कसे बोलावे, कसे वागावे हे अजून ठरावयाचे आहे. नेमक्या अशा वेळी हे दोन बडबडे एकमेकांना भेटतात.

चित्रपटात गर्दी फार आहे, हे आम्ही मोकळेपणाने सांगतो. पात्रे, पंथ आणि कारस्थाने यांच्या दाटीत कधी कधी त्या दोघांचाच आवाज बुडतो. तथापि एक गोष्ट दिग्दर्शकाने पक्की धरली आहे. राजकारण जेव्हा स्वतःविषयी फार गंभीर होते तेव्हा हसविणारा माणूस त्याला शत्रूच्या सैन्याहून अधिक सलतो, हे त्याला दाखवावयाचे आहे आणि ते तो दाखवितो. मशीद रखडली म्हणून दोन जीव गेले, हे उत्तर त्याला पुरेसे वाटत नाही. त्याच्या मते खरे कारण सत्तेच्या ओढाताणीत आहे.

येथे मात्र आमचा त्याच्याशी मतभेद आहे. लोककथेचे उत्तर भाबडे दिसते, पण ते चित्रपटाच्या उत्तरापेक्षा अधिक कठोर आहे. कारस्थान म्हटले की एक कारस्थानी सापडतो. सारा दोष त्याच्या माथी मारला की आपण मोकळे होतो. लोककथेत असा कोणी खलपुरुष नाही. राजा धर्मशील आहे. हाती घेतलेले काम पवित्र आहे. त्या दोघांनी देवाची निंदा केली असेही कथा म्हणत नाही. केवळ एका पुण्यकार्याला उशीर होत होता, आणि ते कार्य पुरे करण्याची घाई दोन माणसांच्या प्राणांवर उठली. देवासाठी भिंत उभी करावयाची म्हणून देवाने घडविलेल्या दोन देहांचा बळी पडला. त्यातही एक गंमत अशी की ती मशीद कोणती याविषयी कथेचेच एकमत नाही. कोणी ओरहानची मशीद म्हणतात. कोणी ओरहानचा नातू बायझीद याने चौदाव्या शतकाच्या अखेरीस बांधलेली बुर्स्याची थोरली मशीद म्हणतात. ज्या वास्तूसाठी एवढी घाई झाली तिचे नाव लोकांनी धड लक्षात ठेवले नाही. लोहार आणि गवंडी मात्र नावानिशी राहिले.

इतिहासाचे अभ्यासक यावर हसतील. ही माणसे खरोखर होऊन गेली याला भरवशाचा पुरावा नाही, हे त्यांचे म्हणणे आम्हांला मान्य आहे. सतराव्या शतकातील प्रसिद्ध प्रवासी एव्लिया चेलेबी याने तर या दोघांची निराळीच हकीकत दिली आहे. तीत कारागॉझ हा बायझंटाईन बादशहाचा जासूद आहे. अनेक विद्वानांच्या मते छायानाट्य तुर्कस्तानात आले ते इजिप्तमधून. १५१७ मध्ये सुलतान सलीमने इजिप्त जिंकले आणि तेथील शेवटचा मामलुक सुलतान तुमानबे याला कैरोच्या वेशीवर फाशी दिले. त्यानंतर नाईलमधील एका बेटावर एका खेळियाने सलीमपुढे त्याच फाशीचा छायाखेळ केला. दोर दोनदा कसा तुटला तेही सावल्यांनी दाखविले. सलीम प्रसन्न झाला. त्याने मोहरा आणि जरीचा झगा देऊन खेळियाला, आपल्या मुलालाही हे पाहता यावे म्हणून, इस्तंबूलला चालण्यास सांगितले. इब्न इयास या समकालीन इतिहासकाराने हे नमूद केले आहे.

आता या दोन उगमकथा शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात. कागदोपत्री असलेल्या कथेत राजा आपण मारलेल्या शत्रूची सावली दोरावर लोंबताना पाहून खूश होतो. लोकांनी जपलेल्या कथेत राजा आपण मारलेल्या दोन मजुरांच्या सावल्या पाहून रडतो. घटना म्हणून पहिली खरी असेल. पण शेकडो वर्षे पडद्यासमोर मांडी घालून बसलेल्या सामान्य माणसांनी आपल्या खेळाचा जन्म विजेत्याच्या करमणुकीतून झाला हे स्वीकारले नाही; तो पश्चात्तापातून झाला असेच सांगत राहिले. चित्रपटकर्त्याने याच दुसऱ्या कथेला हात घातला, याबद्दल आम्ही त्याला मनापासून दाद देतो.

या खेळाचा खरा हंगाम कोणता, तर रमजानचा महिना. दिवसभराचा उपवास सुटला, रात्रीची नमाज झाली की इस्तंबूलची माणसे कॉफीगृहांकडे वळत. तेथे कोपऱ्यात पडदा बांधलेला असे. कद्रची पवित्र रात्र वगळून प्रत्येक रात्री नवा खेळ लावता यावा म्हणून कलावंताला सुमारे २८ खेळ मुखोद्गत असावे लागत. या कलावंताला तिकडे 'हयाली' म्हणतात. आपल्या भाषेतला 'ख्याल' हा त्याच अरबी शब्दाचा भाऊबंद. पडद्याला तेही 'पेर्दे' म्हणजे पडदाच म्हणतात. उंटाचे कातडे तासून पारदर्शक करावयाचे, ते कोरून रंगवावयाचे आणि ३५ ते ४० सेंटीमीटर उंचीची ही चित्रे आडव्या काठ्यांनी पडद्याला टेकवून तेलाच्या दिव्यापुढे खेळवावयाची. सगळी पात्रे, सगळे आवाज एकट्या हयालीचे. बाई तोच, बुटका तोच, अफूबाज म्हातारा तोच. आर्मेनियन, यहुदी, अरब आणि अल्बानियन यांच्या बोलीही त्याच्याच तोंडून निघत. एका साम्राज्यातील सारी भाषिक खिचडी एकाच कंठात शिजे.

आणि आरंभ कसा होई? हाजीवात प्रथम येऊन एक गजल गाई. हा पडदा म्हणजे जग आहे, तुम्ही-आम्ही त्यावरच्या सावल्या आहोत, दिवा विझला की सावलीही उरत नाही, असा तिचा सुफी आशय. आपल्याकडे जगाला मायेचा खेळ म्हणणाऱ्यांना यात नवे काहीच वाटणार नाही. हे वेदान्ताचे बोल संपतात न संपतात तोच वरून कारागॉझ उडी टाकतो आणि हाजीवातला बदडून काढतो. एका श्वासात परमार्थ, दुसऱ्या श्वासात धपाटे. आणि तेही उपवासाच्या महिन्यात.

धर्माधिकाऱ्यांनी याला नेहमीच डोळे वटारले असे मात्र नव्हे. बोध घेण्याच्या बुद्धीने पाहणाऱ्यास छायाखेळ पाहण्यास हरकत नाही, असा निर्वाळा सोळाव्या शतकातील मोठे धर्मशास्त्री एबुस्सुऊद एफेंदी यांनी दिला होता. जाच झाला तो दरबाराकडून. एकोणिसाव्या शतकात कारागॉझने वजीर आणि अंमलदार यांच्यावर जीभ चालविली तेव्हा त्याच्या राजकीय टीकेवर निर्बंध आले, आणि खेळाची धार बोथट होऊन तो हळूहळू पोरांच्या करमणुकीपुरता उरला. १९०८ साली तुर्कस्तानात वृत्तपत्रांना मोकळीक मिळताच जे विनोदी पत्र निघाले त्याचे नाव 'कारागॉझ' असावे, हा काही योगायोग नव्हता. २००९ मध्ये युनेस्कोने या कलेची मानवी वारशाच्या यादीत नोंद केली. बुर्स्यात दोघांचे स्मारक आहे, शेजारी संग्रहालय आहे. यादी, स्मारक, संग्रहालय हे सारे चांगलेच. परंतु जिवंत टवाळीला जागा न देता मेलेल्या टवाळखोराला चौथरा देणे राजसत्तेला नेहमीच सोपे जाते.

चामड्याच्या बाहुल्या आपल्याही घरच्या आहेत. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळच्या पिंगुळी गावी ठाकर समाजाने रामायणाच्या सावल्या पिढ्यान् पिढ्या जागत्या ठेवल्या. त्याच गावच्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली तेव्हा पुष्कळ मराठी घरांना आपल्याकडे असे काही आहे याचा प्रथमच पत्ता लागला. हे आम्ही कौतुकाने लिहितो आणि थोड्या खेदानेही. कारण उत्सवांच्या मांडवातून सोंगाड्या, संकासुर, भारुडातील वेडगळ पात्रे हळूहळू मागे सरत आहेत, आणि त्यांच्या जागी कर्ण्यांचा गोंगाट आला आहे. कोणी थट्टा केली की धर्मच बुडाला असे मानण्याची सवयही वाढते आहे. ज्यांच्या आजोबांनी संकासुराला नारदाशी, ब्रह्मदेवाशी हुज्जत घालताना पाहून पोट धरधरून हसावे, त्यांच्या नातवांनी लहानशा टवाळीने अस्वस्थ व्हावे, हे काही श्रद्धा वाढल्याचे लक्षण आम्हांला वाटत नाही. आजोबांची श्रद्धा एवढी कच्ची नव्हती. मंडळांचे कार्यकर्ते यंदाचा कार्यक्रम ठरवितील तेव्हा एक रात्र भारुडाला, एक रात्र दशावताराला अवश्य काढावी. मांडव दोन हात लहान झाला तरी चालेल.

कारागॉझचा खेळ संपतो तो ठरलेल्या रीतीने. मार खाऊन हाजीवात तक्रार करतो की तू पडद्याची धूळधाण केलीस, आता मी जाऊन धन्याला सांगतो; आणि निघून जातो. हा धनी कोण, खेळाचा मालक की दिव्यामागचा तो, हे कोणी विचारीत नाही. कारागॉझ एकटा उरतो. तो प्रेक्षकांकडे वळतो, बोलण्यात काही चुकलेमाकले असेल तर क्षमा मागतो, आणि लगेच हाजीवातला उद्देशून बजावतो की उद्या रात्री गाठ माझ्याशी आहे.

मग दिवा मालवितात.