डोक्यावरून जाणारे विमान

परवा एका स्नेह्यांनी मोठ्या कौतुकाने सांगितले, "अहो, हैदराबादहून नागपूर म्हणजे आता सव्वा तासाचे काम!" शमशाबाद आणि सोनेगाव या दोन विमानतळांमधले सरळ अंतर सुमारे ४३० किलोमीटर भरते, आणि विमान ते तेवढ्या वेळात तोडते, हे खरे. पण ज्यांचे अर्धे गणगोत आदिलाबादेस आहे, त्या आमच्यासारख्यांची यात काय सोय झाली? आदिलाबाद या रेषेपासून जेमतेम तीस किलोमीटरवर. विमान जवळजवळ गावाच्या डोक्यावरून जाते आणि उतरत मात्र नाही.

गेल्या वर्षी माझी आत्या तेथे वारली. धाकटा आतेभाऊ पुण्याला असतो. पहाटे निरोप मिळताच तो निघाला, दुपारच्या विमानाने नागपुरास उतरला आणि पुढचे दोनशे किलोमीटर, पैनगंगा ओलांडून, मोटारीने आला. मंडळी सकाळपासून खोळंबली होती. अखेर दिवस मावळायच्या आत सारे उरकावे लागले. मी हैदराबादहून रस्त्याने निघून साडेपाच तासांत हजर होतो. "विमानात बसलो तो वेळ दीड तासच होता, दादा," एवढेच तो म्हणाला. त्यावर मला काही बोलता आले नाही.

आगगाडीचे म्हणाल, तर कृष्णा एक्सप्रेस निजामाबादवरून आधी मुदखेडला जाते आणि मग भोकर, किनवट करीत आदिलाबाद गाठते. किनवट १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होते. राज्यांच्या सीमा बदलल्या, रुळांचा वळसा तसाच राहिला.

वास्तविक आपल्या संस्थानाला विमानाचे वावडे कधीच नव्हते. डेक्कन एअरवेजची डकोटा विमाने बेगमपेठेहून उडत. १९५३ साली ती कंपनी इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली. १९४९ साली रात्रीची विमानटपाल सुरू झाली, तेव्हा मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथली विमाने मध्यरात्री नागपुरास जमत आणि थैल्यांची अदलाबदल करून परतत. पत्रांची इतकी काळजी घेणारी माणसे त्या काळी होती! आदिलाबादेसही निजामी अमदानीतली धावपट्टी आहे. ती हवाई दलाकडे आहे. एप्रिल २०२५ मध्ये तेथे नागरी विमाने उतरविण्यास संमती मिळाली, तेव्हा आमच्या घरात पेढे वाटले गेले.

मी पेढा खाल्ला, पण माझे मत जरा निराळे आहे. पहिले विमान हैदराबादचेच हवे, असा आग्रह येथे ऐकू येतो. काचीगुड्याहून शमशाबाद दक्षिणेस, आदिलाबादचा रस्ता उत्तरेस. एक तास विमानतळ गाठण्यात, दीड तास तिथल्या रांगांत, पाऊण तास आकाशात, पुन्हा अर्धा तास बाहेर पडण्यात. म्हणजे पावणेचार तास. मोटारीपेक्षा दोन तासही वाचत नाहीत, आणि भाडे निराळेच! आपल्याला रस्ता आहे, तो पुरेसा आहे. अडचण आहे ती पुण्या-मुंबईकडच्या लेकी-लेकांची, ज्यांना आज नागपूर किंवा शमशाबादला उतरून पुन्हा अर्धा दिवस रस्त्यावर काढावा लागतो. तेव्हा पहिले विमान तिकडचे असावे, आणि ते सकाळी यावे.