मोटर पाठवताय? मग बॅटरीचाही हिशेब पाठवा

दुखानहून गावी फोन केला की अजूनही कुणीतरी विचारतंच, "कुठल्या दुकानात असतोस रे तू?" बारा वर्षं सांगतोय, दुकान नव्हे, दुखान. कतारच्या पश्चिम किनाऱ्यावरचं, दोहापासून साधारण ८० किलोमीटरवरचं तेलाचं गाव. अरबीत दुखान म्हणजे धूर. कतारचं पहिलं तेल इथेच लागलं आणि दुसरं महायुद्ध संपल्यावर, १९४९च्या डिसेंबरात, त्याची पहिली निर्यात झाली. मी त्याच तेलाच्या कामावर आहे. आणि तरीही आज मला लिहायचं आहे ते बिनतेलाच्या, बिनधुराच्या मोटरीबद्दल.

शुक्रवारी सकाळी इथल्या किनाऱ्यावर हौशी मासेमारांच्या छोट्या बोटी आणि कयाक दिसतात. कुणाच्या मागच्या फळीला, कुणाच्या पुढच्या टोकाला एक बारीक दांड्याची विजेची मोटर लावलेली असते. तिला ट्रोलिंग मोटर म्हणतात. फेसबुकवरच्या ट्रोलिंगशी तिचा काही संबंध नाही. होडी अगदी मंद चालवत मागे गळ ओढत न्यायचा, या पद्धतीला ट्रोलिंग म्हणतात, त्यावरून हे नाव. अमेरिकेत फार्गो गावातल्या ओ. जी. श्मिट यांनी १९३४ साली अशी मोटर बनवली. मिनेसोटा आणि डाकोटा या दोन राज्यांच्या नावांतून 'मिन कोटा' हे कंपनीचं नाव निघालं. तिकडच्या गोड्या पाण्याच्या तळ्यांसाठी निघालेली ही वस्तू. हे 'गोड्या पाण्याच्या' लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

माझा मोठा भाऊ, आम्ही दादा म्हणतो, कर्लीच्या खाडीत मासेमारी करतो. फायबरची होडी, मागे पेट्रोलवरचं आउटबोर्ड इंजिन. दिवसा जाळी, संध्याकाळी गरी टाकून तांबोशी, चोणक, गोबरा. गरवताना इंजिनाचा आवाज नको असतो, आणि मंद चालीवर इंजिन पेट्रोल मात्र पीतच राहतं. मी इथल्या किनाऱ्यावरचे दोन व्हिडिओ पाठवले, तर त्याचा लगेच फोन, "किती पैशे पडतले?"

परदेशातल्या भावाला हा प्रश्न विचारला की त्याची छाती फुगते. जानेवारी २०२३ मध्ये मी दोहात ७०० रियालला, म्हणजे तेव्हाच्या भावाने साडेपंधरा हजाराला, ५५ पौंडी मोटर घेतली आणि कपड्यांत गुंडाळून बॅगेतून गावी नेली. किती वेळ चालेल असं दुकानात विचारलं तेव्हा उत्तर मिळालं, चार तास. तेच मी दादाला सांगितलं. बॅटरी? घरच्या इन्व्हर्टरची होतीच, तीन वर्षांची जुनी.

त्या वर्षी नोव्हेंबरात एका संध्याकाळी दादा आणि माझा चौदा वर्षांचा पुतण्या गरवायला गेले. होडी हलकी हवी म्हणून आउटबोर्ड घरी ठेवलं. वल्हं एकच घेतलं. ओहोटी लागली तेव्हा ते देवबागच्या संगमाजवळ होते. परत फिरायला मोटर पूर्ण जोरात लावली आणि पाऊण तासात बॅटरी मान टाकून बसली. खाडीचं पाणी समुद्राकडे ओढत होतं, अंधार पडत होता. वाडीतल्या एकाची होडी उशिरा परतत होती म्हणून दोर टाकून दोघांना ओढून आणलं. कुणाला खरचटलंही नाही. पण रात्री दादा फोनवर एवढंच म्हणाला, "चार तास चालतली म्हणान तूच सांगलंलंस मां?"

मला उत्तर देता आलं नाही. ते मी नंतर शोधलं. आपल्यातले बरेच जण गावी यंत्रं, पंप, इन्व्हर्टर, मोटरी पाठवत असतात, म्हणून ते इथे मांडतोय.

पहिली गोष्ट म्हणजे खोक्यावरचा मोठा आकडा. ५५ पौंड म्हणजे रेटा, वेग नव्हे. ५५ पौंडांची मोटर १२ व्होल्टवर पूर्ण जोरात सुमारे ५० अँपिअर ओढते, म्हणजे ६०० वॉट. एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॉट. म्हणजे ही मोटर पुरता एक घोडाही नाही. दादाचं आउटबोर्ड जवळजवळ दहा घोड्यांचं. विजेच्या मोटरीचा पंखा मंद चालीसाठीच बनवलेला असतो. लहान होडीला ती फार तर ताशी सहा-सात किलोमीटर नेईल. समोरून ओहोटी ताशी चार-पाचने येत असेल आणि वर वारा असेल, तर तुम्ही जागच्या जागी. ८० पौंडांची घेतली म्हणून वेग दीडपट होत नाही, फक्त १२ऐवजी २४ व्होल्ट लागतात, म्हणजे दोन बॅटऱ्या. ११२ पौंडांना ३६ व्होल्ट, म्हणजे तीन.

किती पौंड लागतात याचा ढोबळ नियम सोपा आहे. भरलेल्या होडीच्या दर ४५ किलोला २ पौंड. होडी, इंजिन, दोन माणसं, जाळी मिळून ७०० किलो धरले तर ३१ पौंड येतात. हे शांत तळ्याचं गणित. खाडीतला प्रवाह आणि वारा धरून निदान दीडपट घ्या. म्हणजे ५५ ठीक होते. मोटर निवडताना माझी चूक पौंडांत झालीच नाही, ती झाली बॅटरीत.

शिशाच्या १०० एएच बॅटरीतले निम्मेच वापरायचे असतात, नाहीतर ती लवकर मरते. पूर्ण जोरात ५० अँपिअर ओढले तर ५० एएच एका तासात संपतात. बॅटरी जुनी असेल तर त्याहून आधी. दुकानातले 'चार तास' खोटे नव्हते, पण ते सगळ्यात मंद चालीचे होते. संकटात कुणी मंद चालवत नाही. हे भागाकाराचं गणित मला शाळेपासून येत होतं. ते केलं नाही एवढंच.

याचा आणखी एक हिशेब करून बघा. १२ व्होल्टच्या, १०० एएच लिथियम बॅटरीत सुमारे १.२८ युनिट वीज मावते. एक लिटर पेट्रोलमध्ये जवळपास ९ युनिट ऊर्जा असते. आउटबोर्ड त्यातली चार पंचमांश उष्णतेत घालवतं असं धरलं, तरी पाण्यात जोर देणारी उरते पावणेदोन युनिटच्या आसपास. म्हणजे तेरा किलोची ती बॅटरी म्हणजे फक्त पाऊण लिटर पेट्रोल! म्हणून लांब जायला, समुद्रात जायला, वेळेत परत यायला विजेची मोटर नाही. पण खाडीत तासन्‌तास मंद चालीत गरवायचं असेल तर चित्र उलटं होतं. तिथे मोटर १८-२० अँपिअरवर चालते आणि तीच बॅटरी चार-साडेचार तास पुरते. तेवढ्याच वेळात दादाचं इंजिन दोन लिटर पेट्रोल पितं. वस्तू तीच, पण वापर बदलला की किंमत बदलली.

दुसरी गोष्ट खारं पाणी. माझी पहिली मोटर गोड्या पाण्याची होती. स्वस्त होती त्याचं कारण तेच. पावसाळ्यानंतर बाहेर काढली तर स्क्रू हिरवे-पांढरे आणि आतली वायर गळून गेलेली. खाऱ्या पाण्याच्या मोटरीत आतले भाग बंद केलेले असतात, दांडा गंजत नाही आणि पंख्याजवळ जस्ताचा एक तुकडा असतो. मोटरीऐवजी तो झिजतो. तो वेळोवेळी बदलायचा आणि दर वेळी मोटर गोड्या पाण्याने धुवायची. दुखानसमोरचा समुद्र तर सरासरी समुद्रापेक्षा कितीतरी खारट, इथल्या कयाकवाल्यांना हे पाठ असतं. मी त्यांना विचारलं नव्हतं.

तिसरी गोष्ट वेगाचं बटण. पाच टप्प्यांच्या साध्या मोटरीत कमी वेगावर काही वीज तारेच्या वेटोळ्यात नुसती तापून जाते. सलग फिरणाऱ्या, इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाच्या मोटरीत ती वाचते. मंद चालीवर चालवायचं असेल तर इथे जास्त दिलेले पैसे वसूल होतात. आपोआप जागा धरणारी जीपीएसवाली मोटर मात्र हजारो रियालची आहे. हौशी माणसाला ती आवडेल, पोटासाठी मासे धरणाऱ्याला नको. दांड्याची लांबीही मोजून घ्या. पंख्याचं वरचं टोक पाण्याखाली निदान वीसेक सेंटिमीटर हवं. कोकणातल्या उंच कडेच्या होडीला आखूड दांडा पुरत नाही.

२०२४च्या अखेरीस आम्ही पुन्हा घेतली, या वेळी हिशेब करून. खाऱ्या पाण्याची ५५ पौंडी मोटर १,९०० रियाल, म्हणजे सुमारे ४४ हजार रुपये. लिथियम बॅटरी कुडाळला ३२ हजार. तिला योग्य चार्जर ५ हजार, कारण इन्व्हर्टरचा चालत नाही. १६ चौरस मिलिमीटरची जाड वायर, ६० अँपिअरचा ब्रेकर आणि पाणी न शिरणारी पेटी मिळून ४ हजार. एकूण ८५ हजार. म्हणजे मोटर निम्मीच, बाकीचा निम्मा खर्च खोक्याबाहेरचा. तो आपण सांगत नाही, आणि तो गावातल्या माणसाच्या खिशावर पडतो.

बॅटरी गावातच का घेतली? १६० वॉट-अवरच्या वरची लिथियम बॅटरी प्रवाशाच्या सामानातून विमानात चालत नाही, आणि ही १,२८० ची. शिवाय बिघडली तर दादा ती रिक्षात घालून दुकानात नेऊ शकतो. जे गावात दुरुस्त होतं ते गावातच घ्यावं, हे माझं आता ठाम मत आहे. निघण्यापूर्वी सीमाशुल्काची सवलत मर्यादाही तपासा, बिल जवळ ठेवा.

आता वसुली. दोन लिटर पेट्रोलचे सुमारे २१० रुपये वाचतात, चार्जिंगला १५ जातात. म्हणजे दिवसाला १९५. वर्षात दीडशे दिवस खाडीत गरवलं तर ८५ हजार वसूल व्हायला जवळपास तीन वर्षं. चाळीसच दिवस वापरली तर दहा वर्षं उलटतील, तोवर बॅटरीच राहणार नाही. इथे कतारात पेट्रोल लिटरला दोन रियालच्या आसपास, त्यामुळे हा हिशेब कुणी करतच नाही. इथली हौस पाहून तिथली गरज ठरवली की माझ्यासारखं होतं.

आणखी एक. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंदी असते. बिनइंजिनाच्या होडीला विजेची मोटर बसवणार असाल, तर ती होडी परवान्यात कशात मोडेल हे मत्स्य विभागाच्या कार्यालयात आधी विचारा. नंतर दंड भरण्यापेक्षा एक फेरी बरी.

काहीजण म्हणतील, एवढं करायचं तर पैसेच पाठवावेत, ते त्यांचं बघतील. मला ते पटत नाही. चौकशी करायला, किमती पडताळायला, इंग्रजी पुस्तिका वाचायला आपल्याकडे वेळ आणि सोय आहे. पाठवायची तर ती मेहनत पाठवावी. आपण खोकं पाठवतो, फोटो मागवतो आणि मोकळे होतो. पाण्यात जातो तो दुसराच.

नवी मोटर आता दुसऱ्या हंगामात आहे. वहिनीने एक नियम घातलाय. आउटबोर्ड आणि दोन वल्ही होडीत असल्याशिवाय कुणी किनारा सोडायचा नाही, आणि पुतण्याने लाइफ जॅकेट घालायचं. मागच्या आठवड्यात दादाला विचारलं, मोटर कशी चाललीय? म्हणाला, "बरी आसा. पन ओहोटीची वेळ मी घड्याळात बघतंय, मोटरीत नाय."